गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

सदर : घरचं गॅरेज



ट्रक म्हटलं की आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे मागे 'हॉर्न ओके प्लीज' रंगवलेली दहा चाकी गाडी येते. इथे अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र मागे उघडा हौदा असलेला पिकअप येतो. या वेळचं सदर त्या दुसऱ्या ट्रकबद्दल आहे, आणि त्यातही जुन्या, हाताने गिअर टाकायच्या ट्रकबद्दल.

आपल्या मुलामुलींपैकी काहीजण हौसेने असा ट्रक घेतात. स्वस्तात मिळतो, सामान वाहता येतं, आणि स्वतःच्या हाताने काहीतरी दुरुस्त केल्याचा आनंद मिळतो. मग एके दिवशी गिअर पडेनासा होतो. कर्रर्र आवाज येतो, दांडा अडतो, रिव्हर्स तर टाकवतच नाही. गॅरेजमध्ये नेलं की दोन शब्दांत निकाल लागतो : ट्रान्समिशन गेलं. दुरुस्तीचा आकडा ट्रकच्या किमतीच्या वर जातो आणि चालता ट्रक भंगारवाल्याकडे रवाना होतो.

यात खरी मेख अशी की गिअर पडत नाही हे फक्त लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असं नसतं, तसंच हे. गिअर न पडण्याचं कारण कितीतरी वेळा गिअरबॉक्सच्या आत नसतं, ते बाहेर असतं : क्लचच्या सिलिंडरमध्ये, तेलात, किंवा दांड्याच्या बुडाशी असलेल्या एखाद्या प्लास्टिकच्या बुशमध्ये. अर्ध्या तासात, एकही नट न खोलता, दोष आत आहे की बाहेर हे तुम्ही घरच्या घरी ठरवू शकता. ते कसं, हे आज बघू.

कोणता ट्रक?

उदाहरणासाठी फोर्डचा जुना रेंजर घेऊ, कारण तो आजही रस्त्यावर पुष्कळ दिसतो. अमेरिकेतला हा छोटा रेंजर १९८३ च्या मॉडेलपासून निघाला आणि डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातला सेंट पॉलचा कारखाना बंद झाला तेव्हा थांबला. २०१९ मध्ये रेंजर अमेरिकेत परत आला, पण फक्त ऑटोमॅटिक गिअरमध्ये. म्हणजे हाताने गिअर टाकायचा छोटा रेंजर हवा असेल तर जुनाच जपायला हवा.

१९८८ पासून या ट्रकमध्ये माझ्दा कंपनीने बनवलेला पाच गिअरचा बॉक्स येऊ लागला. त्याचं नाव एम५ओडी-आर१. माझ्दाच्या नावाने विकले गेलेले १९९४ नंतरचे बी-२३००, बी-३००० आणि बी-४००० हे पिकअपही आतून रेंजरच. तुमच्याकडे टोयोटा किंवा शेव्हरोले असेल तरी पुढच्या तपासण्या बहुतेक तशाच लागू पडतील. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

आधी थोडं आतलं

क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटे होतात. रेंजरमध्ये हे काम तेलाच्या दाबाने होतं. पेडल दाबलं की इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर बसवलेला मास्टर सिलिंडर तेल ढकलतो. ते तेल नळीतून स्लेव्ह सिलिंडरला जातं, आणि तो क्लचच्या प्रेशर प्लेटवर बेअरिंग दाबतो. रेंजरचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचात, शाफ्टभोवती बसवलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही, म्हणून त्याच्यावर संशयही लवकर जात नाही.

गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग एकमेकांत अडकवायचे असतात. त्यांचा वेग आधी सारखा करण्यासाठी मधे एक कडी असते. तिला सिंक्रो म्हणतात. सिंक्रो म्हणजे खरं तर एक छोटासा ब्रेक. दांड्याचा दाब आला की तो दुसऱ्या भागाला घासून त्याचा वेग जुळवतो, आणि मगच दात दातांत बसतात. पण क्लच पूर्ण मोकळा झाला नसेल, तर या इवल्याशा ब्रेकला अख्खं इंजिन अडवायचं असतं. ते त्याला कसं जमणार? म्हणून दात घासतात आणि आपण गिअरबॉक्सला शिव्या घालतो.

पहिली तपासणी : इंजिन बंद

सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ओंडका लावा. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबा आणि पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि मग रिव्हर्स असे सगळे गिअर टाकून बघा. एखादा गिअर थोडा अडला तर क्लच एकदा सोडून परत दाबा आणि पुन्हा टाका.

आता इंजिन चालू करून, उभ्या गाडीत तेच करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडले आणि चालू असताना अडले, तर दोष बहुधा क्लचचा आहे. तो पूर्ण मोकळा होत नाही. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर दोष दांड्याच्या सांध्यात किंवा बॉक्सच्या आत आहे. एवढ्या एका तपासणीने निम्मं निदान होतं.

दुसरी तपासणी : क्लच खरंच मोकळा होतो का?

गाडीच्या पुढे आणि मागे भरपूर मोकळी जागा असेल तरच हे करा. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका. क्लच तळापर्यंत दाबा, दुसरा पाय ब्रेकवर घट्ट ठेवा आणि इंजिन चालू करा. चालू होताना गाडी पुढे ढकलली गेली, किंवा चालू झाल्यावर ब्रेक जरासा सैल करताच सपाटीवरही सरकू लागली, तर क्लच मोकळा होत नाही हे पक्कं.

मग पेडल दोन-तीनदा पटापट पंप करा आणि लगेच गिअर टाकून बघा. पंप केल्यावर गिअर नीट पडला, तर तेलात हवा शिरली आहे किंवा कुठलातरी सिलिंडर दाब धरत नाही. ही चांगली बातमी समजा, कारण गिअरबॉक्स वाचला.

उलट बाजूही तपासा. चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ते वेगळं दुखणं आहे. तिथे क्लच प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागलं आहे.

तिसरी तपासणी : पुठ्ठ्यावरचे ठिपके

रात्री ट्रकखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि सकाळी कोणते ठिपके पडलेत ते बघा. काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. पाण्यासारखं फिकट किंवा पिवळसर, आणि गाडीच्या मध्यावर, जिथे इंजिन गिअरबॉक्सला जोडलं जातं तिथून पडलेलं असेल, तर ते क्लचचं तेल. म्हणजे आतला स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे. लालसर असेल तर ते रेंजरच्या गिअरबॉक्सचं तेल. हो, लाल. या बॉक्समध्ये जाड गिअर ऑइल नसतं, ऑटोमॅटिक गाड्यांत वापरतात ते मर्कॉन जातीचं पातळ तेल असतं.

केबिनमध्येही बघा. क्लच पेडलच्या वर, भिंतीला हात लावा. बोट ओलं झालं किंवा खालचा गालिचा चिकट लागला, तर मास्टर सिलिंडर मागून गळतो आहे. पेडलची दांडी मास्टर सिलिंडरला जिथे जोडलेली असते तिथला बुशही हलवून बघा. तो झिजला की पेडल खाली जातं, पण सिलिंडर तेवढा ढकलला जात नाही. बाकी सगळं ठणठणीत असताना फक्त एवढ्यानेही गिअर अडतात.

आता लाल तेलाबद्दल. या बॉक्सच्या वरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला तीन रबरी बुचं असतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होतात आणि तिथून तेल झिरपतं. वरून गळत असल्यामुळे थेंब जमिनीवर पडायला वेळ लागतो, आणि तोवर आतलं तेल कमी झालेलं असतं. तेलाविना चालवलेला गिअरबॉक्स मात्र खरोखरच जातो. म्हणून जुना रेंजर विकत घेतलात तर पहिल्याच आठवड्यात बॉक्सच्या बगलेतलं भरायचं बूच खोला, बोट घाला आणि तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे का ते बघा. हे करताना ट्रक सपाट असला पाहिजे. खाली शिरायचं असेल तर ट्रक भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आणि इंजिन चालू असताना खाली शिरायचं नाही, म्हणजे नाही.

तेल बरोबर जातीचं आहे का?

आधीच्या मालकाने चांगल्या हेतूने ८०डब्ल्यू-९० चं घट्ट गिअर ऑइल भरलेलं असू शकतं. मिनेसोटाच्या किंवा शिकागोच्या जानेवारीत ते मधासारखं घट्ट होतं. सकाळी दांडा दगडासारखा आणि दहा मैल गेल्यावर मऊ, असा अनुभव असेल तर आधी तेलाचा रंग आणि जात तपासा. तेल बदलणं हा दुपारचा एक तास आहे. पण एक नियम पाळा : भरायचं बूच सुटतं आहे याची खात्री झाल्याशिवाय खालचं बूच उघडू नका. तेल काढून टाकलं आणि भरायची जागा गंजून बसली, तर ट्रक तिथेच उभा राहील.

प्रत्येक बॉक्सचं तेल वेगळं. जुन्या टोयोटा पिकअपला ७५डब्ल्यू-९० चं गिअर ऑइल लागतं. शेव्हरोलेच्या काही पिकअपमधल्या एनव्ही-३५०० बॉक्सला खास सिंक्रोमेश तेल लागतं. मालकाच्या पुस्तिकेत असेल तेच घाला. शेजारच्या काकांच्या गाडीला चाललं म्हणून आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

एकच गिअर त्रास देतो?

सगळेच गिअर अडत असतील तर क्लचकडे बघा, एकच अडत असेल तर त्या गिअरकडे. हे सूत्र लक्षात ठेवा. फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कर्रर्र होत असेल, तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो झिजलेला असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची असेल तर डबल क्लच मारून बघा. पहिल्या पिढीतल्या अनेकांनी घाटात एसटीच्या चालकाला हे करताना पाहिलं असेल : क्लच दाबून गिअर न्यूट्रलला, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला किंचित झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. यात वेग जुळवण्याचं काम सिंक्रोऐवजी चालक करतो. डबल क्लचने दुसरा गिअर शांतपणे पडला तर निदान पक्कं झालं. आणि असा ट्रक लगेच भंगारात काढायची गरज नाही. हळू गिअर बदलत, मन लावून चालवला तर तो पुढेही बराच काळ साथ देतो.

गिअर पडतो, पण चालता चालता सुटून दांडा न्यूट्रलला येतो का? तेव्हाही आधी बाहेर बघा. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट फाटले असतील तर जोर पडताच सगळंच हलतं आणि गिअर सुटतो. दांडा पळीसारखा सगळीकडे फिरत असेल तर त्याच्या बुडाचा बुश बघा. जुन्या टोयोटा पिकअपमध्ये दांड्याच्या टोकाशी प्लास्टिकची एक छोटी टोपी असते. ती तुटली की गिअर सापडेनासे होतात. काही डॉलरची ती टोपी केबिनमधूनच बदलता येते. हे सगळं ठीक असूनही गिअर सुटत असेल, तरच आतले दात, स्प्रिंग किंवा बेअरिंग यांचा विचार करा.

कान लावून ऐका

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पाय क्लचवरून काढा. घरघर ऐकू येते का? आता क्लच दाबा. घरघर थांबली तर आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. रेंजरमध्ये हे बेअरिंग स्लेव्ह सिलिंडरवरच बसतं, त्यामुळे दोन्ही एकदमच बदलतात.

काय थांबू शकतं, काय नाही

झिजलेला सिंक्रो थांबू शकतो. ढिला बुश थांबू शकतो. पण तेल कमी असेल तर भरल्याशिवाय ट्रक हलवू नका. बेअरिंगची घरघर वाढत असेल तरीही वाट बघू नका, कारण बेअरिंग जाम झालं तर अख्खा बॉक्स सोबत नेतं.

आणि क्लचचं पेडल मऊ लागत असेल तर ते आजच बघा. एखाद्या दिवशी ते भर रहदारीत जमिनीला टेकेल आणि वर येणार नाही. नुकत्या गिअर शिकलेल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा : अशा वेळी घाबरायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. दातांवरचा ताण उतरतो आणि क्लचशिवायही दांडा न्यूट्रलला ओढता येतो. मग ब्रेक लावून गाडी कडेला घ्यायची.

बॉक्स उतरवावाच लागला तर

बाहेरचं तेल भरलं, हवा काढली, मास्टर सिलिंडर बदलला, तरी क्लच मोकळा होत नाही, असं झालं तर मात्र बॉक्स उतरवायला हवा. फ्लायव्हीलच्या मध्यावरचं छोटं पायलट बेअरिंग जाम झालं असेल, प्रेशर प्लेट मोडली असेल, किंवा स्लेव्ह सिलिंडरच गेला असेल. हे काम एकट्याचं नाही. पण उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, पायलट बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर आणि ती तीन रबरी बुचं, सगळं एकदमच बदलून घ्या. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. ती दोनदा का भरायची?

रेंजरची हवा काढताना एक अडचण येते. मास्टर सिलिंडर तिरका बसवलेला असल्यामुळे हवेचा बुडबुडा त्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो. नवे भाग घालूनही पेडल मऊ राहिलं तर भाग खराब निघाले असं लगेच समजू नका. ट्रकचा पुढचा भाग उचलून किंवा मास्टर सिलिंडर सोडवून, सरळ धरून पुन्हा हवा काढा. मधे टाकीतलं तेल संपू देऊ नका. हे तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघेल.

दोघांचं काम

या तपासण्या एकट्याने करायच्या नसतात. हवा काढायला एकजण पेडलवर लागतो, दुसरा खाली. जुन्या टोयोटात स्लेव्ह सिलिंडर बाहेर असतो, तिथेही इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने दांडी पुरेशी हलते का ते बघायचं.

आपल्या घरांत हे दोघं तयारच आहेत. बाबा भारतात गिअरच्या गाडीवरच शिकले. त्यांच्या डाव्या पायाला क्लच कुठे धरतो हे न बघता कळतं, पण गाडीखाली शिरून पाना हातात धरायची वेळ बहुतेकांवर आली नाही, तिथे मिस्त्री होता. मुलीकडे पान्यांचा अख्खा संच आहे, पण गिअर कसा 'लागायला' हवा याची पायाला आणि हाताला सवय नाही. बाबांनी केबिनमध्ये बसावं, मुलीने पुठ्ठा आणि बॅटरी घेऊन खाली बघावं. आज्ञा मुलीने द्यावी, बाबांनी पाळावी. हे दुसरं जरा कठीण जाईल, पण जमेल.

आणि गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच तर ट्रान्समिशन बघा एवढंच सांगू नका. तुम्ही तसं म्हटलंत तर ते तसंच बघतील. त्यांना असं सांगा : इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू असताना अडतात, दोनदा पंप केलं की पडतात, तेल पूर्ण आहे आणि लाल आहे. एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक आधी क्लचच्या सिलिंडरकडे वळेल. त्याने तरीही नवा बॉक्सच सुचवला, तर का, ते विचारा. उत्तर पटलं नाही तर किल्ली परत घ्या आणि दुसरं गॅरेज बघा.

शुभ दीपावली. पणत्या विझल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा बघायला विसरू नका.